सोळाव्या होलवरचा लव्हाळा

बिरू सोन्नरच्या उजव्या हाताला एक खोड होती. डोळ्याला लव्हाळा दिसला, की डोक्याला विचारायच्या आधीच हात खाली जायचा आणि लव्हाळा गड्ड्यासकट वर यायचा. हे तण मोठं चिवट. नुसतं ओढलं तर पात तेवढी हातात येते, गड्डा जमिनीत राहतो आणि चार दिवसांत स्वारी पुन्हा हजर. बिरू अंगठा आणि बोट बुडाशी रोवून असा पीळ द्यायचा, की गड्डा निमूट बाहेर. छत्रपती संभाजीनगरच्या छावणीच्या कडेला गोल्फचं मैदान आहे, तिथं गवत राखायच्या नोकरीत त्यानं सव्वीस वर्षं हेच केलं. लग्नाच्या पंगतीला बसला तरी पत्रावळीशेजारचं तण उपटायचा. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, आणि बिरू तर चांगला धडधाकट होता.

तो मूळचा देवगाव रंगारीकडचा. बाप मुंजाबा दीडशे मेंढरं घेऊन दिवाळीनंतर गाव सोडायचा आणि रानोरानी मेंढरं बसवत पावसाळ्याच्या तोंडाला परत यायचा. पुढं चरायला रानं उरली नाहीत, मेंढरं विकली गेली आणि बिरू शहरात आला. मैदानाचे सेक्रेटरी नानासाहेब, घरची चाळीस एकर बागायत आणि डोक्यात गोल्फचं वेड. त्यांनी विचारलं, "गवतातलं काही कळतं का रे?"

"मेंढरांइतकं कळतंय, साहेब," बिरू म्हणाला, आणि नोकरी लागली.

त्याची एकुलती एक लेक पुतळा त्याच मैदानावर वाढली. आजीचं नाव होतं तिला. सात वर्षांची असताना नानासाहेबांनी आपली एक जुनी स्टिक कापून आखूड करून तिच्या हातात दिली. नाल्यात हरवलेले चेंडू ती शोधून आणायची आणि दिवसभर मारत बसायची. पहिला चेंडू नीट लागला तेव्हा बिरू बंकरच्या खड्ड्यातली वाळू सारखी करत होता. सुकी शेंग तडकावी तसा आवाज आला म्हणून त्यानं मान वर केली, तर चेंडू पार लिंबाच्या पलीकडं. नानासाहेब तोंड उघडं टाकून बघतच राहिले. पोरीनं बापाकडं बघितलं, जणू काही चुकलंच आहे तिचं; तो हसला तशी तीही तोंडभर हसली.

एकोणीस वर्षांची होईस्तोवर राज्यात तिच्यासारखी दुसरी नव्हती. बिरू तिचा कॅडी झाला. कॅडी म्हणजे खेळाडूची पिशवी वाहणारा, आणि गरज पडली तर दोन शब्द सांगणारा माणूस. बाकीचे कॅडी अंतर यार्डात सांगायचे, बिरू हाकेत सांगायचा. माळावर एका माणसाची हाक जिथवर पोचते ती एक हाक. "दीड हाक हाय. वारं तोंडावर," तो म्हणायचा, आणि पुतळा नेमकी हवी ती स्टिक काढायची. तो नेहमी तिच्या उजव्या अंगाला, चार पावलं सोडून उभा राहायचा. त्या चार पावलांत तिसऱ्या माणसाला जागा नव्हती.

मग ती पात्रता फेरी आली. मैदान पुण्याच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याशी. तीन दिवसांचा खेळ. पहिल्या दहा येतील त्यांना वर्षभर थायलंड, मलेशिया, तैवानपासून जपानपर्यंत खेळायची वाट मोकळी. बाकीच्यांनी पुढच्या साली यावं. गवत तर असं राखलेलं, की ताट न मांडता जेवायला बसावं. बिरू पहिल्या दिवशी वाकून वाकून बघत होता आणि मनातल्या मनात तिथल्या माळ्यांना रामराम घालत होता.

तिसऱ्या दिवशी अठरापैकी सोळाव्या होलवर पुतळाचा चेंडू कडेच्या वाढलेल्या गवतात गेला. ती झेंडा बघायला दहा पावलं पुढं गेली. बिरूनं पिशवी खाली ठेवली. ती परत आली, एकदा हवेत स्टिक फिरवून बघितली आणि मारला. चेंडू उंच गेला, झेंड्याच्या अलीकडं पडला आणि हातभर अंतरावर थांबला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बिरूनंही टाळीसाठी हात वर केले, तर उजवी मूठ उघडेना. मुठीत लव्हाळा होता, गड्ड्यासकट.

चेंडूच्या मागं चार बोटांवर एवढा एकच उगवलेला. एवढ्या राखलेल्या गवतात एकच, आणि तो बिरूला दिसला. कधी वाकलो, कधी उपटला, त्याचं त्यालाच आठवेना.

गोल्फमध्ये पंच मागं मागं फिरत नाही. चेंडू जसा पडला तसा मारायचा. आजूबाजूला उगवलेलं काही उपटायचं नाही, मोडायचं नाही. खेळाडूनं नाही आणि त्याच्या कॅडीनंही नाही. उपटलंच तर दोन फटके दंड, आणि तो खेळाडूनं आपण होऊन जाऊन सांगायचा. नानासाहेबांनी हे बिरूकडून पाढ्यासारखं घोकून घेतलं होतं.

बिरूनं लव्हाळा खिशात टाकला. पुढचे दोन होल तो पिशवी घेऊन चालला, पण पाय कुठं पडतात ते त्याला कळत नव्हतं. कुणी बघितलं नव्हतं. पुतळानंही नाही. हात त्याचा, खिसा त्याचा. मुकाट्यानं बसस्टँडवरच्या कचऱ्यात टाकला असता, तर ब्रह्मदेवालाही पत्ता लागला नसता. शेवटच्या होलवर पुतळानं चेंडू खळीत घातला आणि फळ्यावर तिचं नाव दहाव्या जागी चढलं. अकरावीपेक्षा तिला एकच फटका कमी लागला होता. ती बापाकडं वळून हसली. तिचं असं हसणं त्यानं पहिला चेंडू लिंबापलीकडं गेला त्या दिवसापासून बघितलं नव्हतं.

आता तंबूत जायचं, आपल्या फटक्यांच्या कागदावर सही करायची, की झालं. ती तंबूकडं निघाली आणि बिरूला त्याचा बाप आठवला.

बिरू दहा वर्षांचा असताना वैजापूरकडं कुणाच्या तरी ज्वारीत त्यांची चार मेंढरं घुसली होती. मालक दूर विहिरीवर होता, त्याला काही दिसलं नव्हतं. मुंजाबानं मेंढरं बाहेर काढली, आणि पुढं निघायचं सोडून तो सरळ विहिरीवर गेला. धनगरांची रीतच ती. आपल्या मेंढरानं दुसऱ्याच्या पिकात तोंड घातलं, तर मालकाला दिसायच्या आधी आपण जाऊन सांगायचं. मालकानं एक कानाखाली ठेवून दिली. मुंजाबा गाल चोळत परत आला आणि म्हणाला, "पुढच्या सालीबी याच वाटंनं यायचं हाय, पोरा."

"पुतळे," बिरूनं हाक मारली. "सही करू नको."

तिनं वळून बघितलं. बिरूनं खिशातून हात काढून तळवा पुढं केला. दोन होल चालून लव्हाळा पार मलूल झाला होता.

"कुठं?" तिनं विचारलं.

"सोळाव्याला. तुज्या चेंडूच्या मागं व्हता."

"मी मारायच्या आधी?"

"व्हय."

तंबूत टेबलाशी एक बाई पेन घेऊन बसली होती, तिच्याकडं पुतळानं बघितलं; मग बापाच्या तळहाताकडं. मग लव्हाळा उचलला आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा ती अकरावी होती. एका फटक्यानं गेलं.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. अहिल्यानगरच्या स्टँडवर बिरूनं भेळ आणली, ती तिनं खाल्ली. "आबा, पाणी द्या," एवढं एकदा म्हणाली. तिनं आदळआपट करावी, दोन शब्द ऐकवावे, याची वाट बघत बिरू छत्रपती संभाजीनगरपर्यंत जागा राहिला. तिनं काही ऐकवलं नाही.

घरी ती कसर त्याच्या बायकोनं, राजाबाईनं भरून काढली. "आवं, उपटला ते उपटला, पर सांगायचं कशाला? तोंड गप ठिवाया पैसं पडत्यात का?" असं म्हणून नवऱ्याशी तिनं तीन दिवस अबोला धरला. उलट नानासाहेबांनी साऱ्या माळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. "बिरू, याला म्हणतात खेळ! शाब्बास!" पाठ थोपटून घेताना बिरूला वाटलं, त्यापेक्षा दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. बायकोचं ऐकावं तर सांगायला नको होतं, साहेबांचं ऐकावं तर सांगितलं ते उत्तम. त्याला मात्र एकाच माणसाचं ऐकायचं होतं. पोरीला राग कशाचा आहे, उपटल्याचा की सांगितल्याचा? हे तिला विचारायचं त्याच्या जिभेवर रोज यायचं, आणि रोज तो ते चहाबरोबर गिळायचा.

हिवाळ्यात घरच्याच मैदानावर एक स्पर्धा झाली. बिरूनं या खेपेला मनाशी ठरवलं होतं. पुतळा चेंडूपाशी उभी राहिली की तो पिशवी ठेवायचा, दोन्ही हात पाठीमागं घ्यायचा आणि डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरायचा. कोतवालानं चोर धरावा तसं. पहिल्या दिवशी पुतळा वाईट खेळली, दुसऱ्या दिवशी त्याहून वाईट. हातभर अंतरावरून चेंडू खळीत जाईना. असं का होतंय ते दुसऱ्या दिवशी बिरूच्या ध्यानात आलं. मारायच्या आधी ती चेंडूकडं बघत नव्हती. आधी उजवीकडं, खाली, त्याच्या हातांकडं बघत होती.

संध्याकाळी नाल्याजवळच्या बाकड्यावर ती त्याच्याशेजारी येऊन बसली.

"आबा, पुढच्या बारीला तुम्ही नका येऊ."

बिरू चपलेनं माती उकरू लागला.

"तुमचा राग नाय मला. पर मला तुमच्या हाताचं भ्या वाटतंय. चेंडूकडं बघायचं तर मी हाताकडं बघते. लई प्रयत्न केला म्या, डोळं तिकडंच जात्यात."

"म्या धरून ठिवतो की हात. आज ठिवला नाय का?"

"ठिवला. मला दिसलं ना ते. म्हणूनच तर."

खरं बोलायला तिला त्यानंच शिकवलं होतं, आणि आता ते त्याच्याच अंगावर आलं होतं. "बरं," तो म्हणाला, आणि बाकड्याखाली हात घालून एक लव्हाळा उपटला. दोघांनी तो बघितला. हसू दोघांनाही आलं नाही.

पुढच्या साली पुतळा बंगळूरचा एक कॅडी घेऊन गेली. शिकलेला, गळ्यात अंतर मोजायची दुर्बीण, वहीत मैदानाचा नकाशा. चौथी आली. महिन्याभरात विमानात बसली. वर्ष उलटायच्या आत पेपरात तीन पोरींचे फोटो एका ओळीत आले, आशियातल्या उगवत्या खेळाडू म्हणून: सतरा वर्षांची एक थायलंडची, अठराची एक कोरियाची आणि विशीतली संभाजीनगरची पुतळा सोन्नर. नानासाहेबांनी ते कात्रण क्लबात काचेत लावलं. छावणीच्या चौकात फ्लेक्स लागला, त्यावर पुतळाचा फोटो एक आणि शुभेच्छुकांचे अकरा.

बिरूला लोक थांबवून पेढे मागायचे. तो द्यायचा. मग मैदानावर जाऊन एकटाच हिंडायचा. सकाळी दव असताना पहिल्या होलवर उभा राहायचा आणि झेंड्याकडं बघून बोलायचा, "दोन हाका. वारं पाठीवर." ऐकायला टिटवीशिवाय कुणी नसायचं. पिशवीचा पट्टा वाहून उजव्या खांद्यावर घट्टा पडला होता, तो हळूहळू मऊ पडत चालला. हे त्याला आंघोळ करताना कळलं, आणि दगडावर बसून तो थोडा वेळ रडला. आतून राजाबाई विचारत होती, पाणी गार झालं का म्हणून.

फोन यायचा, रविवारी.

"जेवली का?"

"जेवले."

"काय?"

"भात."

"आँ."

पुढं काय विचारायचं ते त्याला सुचायचं नाही आणि तिला सांगता यायचं नाही. एकदा मात्र ती ठेवता ठेवता थांबली. "आबा, हितं हॉटेलात खोली लई मोठी असती. एकटीलाच. मी टीव्ही लावून झोपते. भाषा कळत नाय, पर कुणीतरी बोलतंय असं वाटतं."

"मायला फोन करीत जा की."

"तिला सांगितलं तर ती रडती." मागं टीव्हीचा आवाज येत होता. "हितं समदे यार्डात बोलत्यात," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

आषाढात तैवानातल्या एका स्पर्धेत तिसऱ्या दिवसाअखेर पुतळाचं नाव सगळ्यात वर होतं, कोरियाच्या त्या पोरीच्या बरोबरीनं. शेवटच्या दिवशी नानासाहेबांनी क्लबातल्या मोठ्या टीव्हीसमोर खुर्च्या मांडल्या. राजाबाई नवं लुगडं नेसून पुढं बसली. नानासाहेबांनी बिरूसाठी आपल्या शेजारची खुर्ची धरून ठेवली होती.

"सातव्याला लई लव्हाळा झालाय, साहेब," बिरू म्हणाला.

"आज? अरे, आज लेक जिंकेल तुझी!"

"मी फोनवर बघतो की."

इतक्या माणसांत तिला बघणं त्याच्यानं होणार नव्हतं, हे साहेबांना काय सांगायचं? तो सातव्या होलवर लिंबाखाली जाऊन बसला. पुतळानंच घेऊन दिलेला फोन त्यानं खुरप्याला टेकवून उभा केला. फोनमधला माणूस इंग्रजीत भराभरा बोलत होता. त्यातलं त्याला "पुटाला सॉनर" एवढंच समजायचं. ते नाव आलं की तो पुढं सरकायचा.

सोळा होल झाले तरी दोघी बरोबरीतच. सतराव्यावर कोरियाच्या पोरीनं आपला खेळ नीट उरकला. पुतळाचा चेंडू मात्र हिरवळीच्या बाहेर, वाढलेल्या गवतात गेला. कॅमेरा अगदी जवळ गेला. पांढरा चेंडू, त्याच्या भोवती ओलं गवत, आणि मागं तीन-चार बोटांवर एक पात सगळ्यांच्या वर डोकं काढून उभी होती. बिरूनं डोळे फोनला लावले. लव्हाळाच. समुद्रापलीकडंसुद्धा हा आहेच!

हात पुढं गेला. काचेला बोट लागलं तसं चित्र हललं, आणि बिरूनं चटका बसल्यासारखा हात मागं घेतला.

बंगळूरचा कॅडी वहीत बघून काही बोलला आणि पिशवी घेऊन तिच्या डाव्या अंगाला उभा राहिला. पुतळा चेंडूपाशी आली. स्टिक जमिनीजवळ नेली, आणि थांबली. तिनं मान वळवली, उजवीकडं. झेंड्याकडं नाही, लोकांकडं नाही. चार पावलांवर, खाली, माणसाच्या कमरेच्या उंचीवर ती बघत होती. तिथं कुणी नव्हतं. फोनमधला माणूसही बोलायचा थांबला, त्याला काही उमजेना बहुधा.

बिरूला उमजलं. त्याला पोरीची अनावर आठवण आली. वर्षभर ती परमुलखात एकटी चालत होती आणि अजून प्रत्येक वेळी आधी त्याच जागेकडं बघत होती. ज्या हाताची भीती वाटते म्हणून सोडून गेली, तो हात नसल्यावरही ती तिथंच बघते, आणि तिथं काहीच नसतं. यात राग कुठं होता? राग असता तर मान त्या बाजूला वळलीच नसती. इतके दिवस चहाबरोबर गिळलेल्या प्रश्नाचं उत्तर हे असं, लिंबाखाली, एवढ्याशा काचेत मिळालं, आणि ते ऐकायला तो एकटाच होता.

तो गुडघे टेकून उठला आणि उभा राहिला. फोनच्या उजव्या अंगाला, चार पावलं सोडून. तिथून काचेत काही धड दिसत नव्हतं. दोन्ही हात पाठीमागं घेतले आणि डाव्या हातानं उजवं मनगट गच्च धरलं.

"अर्धी हाक हाय, पुतळे," तो म्हणाला. "वारं नाय. मार."

सुकी शेंग तडकल्याचा आवाज फोनमधून आला. मग क्लबाच्या बाजूनं एकच गलका उठला. खुर्च्या सरकल्या, कुणीतरी शिट्टी मारली, राजाबाईचा आवाज सगळ्यांच्या वर ऐकू आला. "बिरू! अरे बिरू! खळीत घातला!" म्हणून नानासाहेब व्हरांड्यातून हाका मारू लागले. तिकडं सगळे टाळ्या वाजवत होते. बिरूला टाळी वाजवता येईना, कारण अजून एक होल बाकी होता आणि त्यानं हात सोडले नव्हते.